वादीची हरकत न्हाई

१२ जून, गुरुवार. आजचं काम: आप्पांचं खर्चाचं बिल टाइप करून देणे.

तालुक्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अकराच्या सुमाराला आप्पा रहिमतपूरच्या एसटीतून उतरले, बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाले, "वादी आला. पंखा वाढवा."

आप्पा स्वतःला वादी म्हणतात. कोर्टातच नव्हे, सगळीकडे. "वादीला चा नको." "वादीचं गुडघं आज लय ठणकत्यात." शेजारी म्हणजे प्रतिवादी, त्याचं कुत्रं प्रतिवादीचं कुत्रं. अकरा वर्षं एकच दावा चालवला की माणसाचं असं होतं.

दावा घराशेजारच्या तीन फुटी बोळाचा. त्या बोळातून मागच्या नळावर जायची पिढ्यांची वहिवाट. शेजाऱ्याने एका रविवारी भिंत घातली. तेव्हापासून आप्पांच्या बायकोला, म्हणजे मावशींना, दुखऱ्या कमरेवर कळशी घेऊन अख्ख्या आळीला वळसा पडायला लागला. आप्पा कोयनानगरला प्रकल्पाच्या स्टोअरमध्ये नोकरी करून रिटायर झालेले. खिळ्यालासुद्धा सही घेणारा माणूस. त्यांनी वकील केला नाही. स्वतःच उभे राहिले.

पहिल्या तारखेला जज्जसाहेबांनी विचारलं, "आजोबा, तुमचा वकील कुठे आहे?"

"वादीच वकील हाय साहेब. फी घेत न्हाई, त्यामुळं कुनाला फोडताबी येत न्हाई."

कोर्ट हसलं. शिरस्तेदार तेवढे हसले नाहीत. पुढची अकरा वर्षं आपल्याला काय सोसायचं आहे, ते त्यांना बहुधा तेव्हाच कळलं असावं. मधे चार जज्ज बदलले. आप्पा प्रत्येकाला दावा पहिल्यापासून सांगायचे.

गेल्या महिन्यात निकाल लागला. दावा खर्चासह मंजूर, म्हणजे दाव्याचा खर्चही प्रतिवादीने द्यायचा.

"खर्चासह" हा शब्द आप्पांनी मनावर घेतला. डबा उघडला तर एसटीची तिकिटं, भज्यांच्या कागदावर लिहिलेले हिशोब, चपलांच्या दोन जोडांच्या पावत्या आणि गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीवरचं लेबल.

"आप्पा, तेल मिळणार नाही."

"हुबं ऱ्हाऊन ऱ्हाऊन गुडघं गेलं, ते काय देवळात?"

मी त्यांना सरळ सांगितलं. कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकलांची फी आणि साक्षीदाराचा भत्ता एवढंच धरतील. वकील नव्हता, म्हणून वकील फी नाही. स्वतः घालवलेल्या दिवसांचं काही नाही.

आप्पांनी तेलाचं लेबल उचलून खिशात घातलं. "मंजे दुसऱ्याची अक्कल भाड्यानं आनली तर भरपाई, आन सोताची वापरली तर न्हाई?"

"तसंच."

"बरं. वादीची हरकत न्हाई."

मग मी एकेक चिठ्ठी उचलायची, मान हलवायची आणि आप्पांनी "वादीची हरकत न्हाई" म्हणायचं. चपला गेल्या. भजी गेली. तिकिटं गेली. माणूस इतक्या लवकर ऐकतो, म्हणजे पुढे काहीतरी आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

डब्याच्या तळाशी घडी घातलेला कागद होता. त्यावर आप्पांच्या थरथरत्या अक्षरात एकच ओळ: 'लेखनाची मजुरी, इंदुबाई.' पुढे रक्कम नव्हती.

अकरा वर्षांत हे नाव मी पहिल्यांदा वाचलं. आप्पा मावशींना 'वादीची बायको' म्हणायचे. शिपायाने विचारलं तरी तेच. आप्पांचा हात कापतो, म्हणून सगळे अर्ज मावशींनी लिहिलेले. कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली बाकावर, मांडीवर पॅड घेऊन बसायच्या. आप्पा सांगायचे, "लिव, प्रतिवादी नीच हाय." मावशी लिहायच्या, 'प्रतिवादीचे म्हणणे खरे नाही.' झेरॉक्स मी काढायची, म्हणून मला माहीत. हा दावा त्या गाळणीने जिंकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या दिवाळीनंतर मावशी गेल्या. निकाल त्यांनी ऐकला नाही. भिंत पुढेमागे पडेल, पण आप्पांना मागच्या दारी काही काम उरलेलं नाही.

"हेही धरणार नाहीत, आप्पा," मी म्हटलं. "बायकोची मजुरी कायद्यात बसत नाही. पावती नाही, रक्कमसुद्धा नाही."

मी "हरकत न्हाई"ची वाट बघितली. ते आलं नाही.

"ताई, दावा घालताना ती म्हनली हुती, माजंबी नाव घाला की. पानी तर मीच आनते. मी म्हनलं, कशाला? दोघांची नावं घातली तर दर तारखेला दोघांनाबी हेलपाटा." आप्पांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "आन मग दर तारखेला आलीच की ती. नाव न्हाई ते न्हाईच. समदी फाईल तिच्या अक्षराची, आन नाव एकल्या माजं."

मी ओळ टाइप केली. 'कै. सौ. इंदुबाई.'

आप्पा स्क्रीनला नाक लावून बघत होते. "कै. काढा. लिवत हुती तवा जित्ती हुती."

काढलं.

"आप्पा, शेवटचं सांगते. क्लार्क ही ओळ खोडणार."

"खोडत्यात मंजे कसं? फाडत्यात?"

"नाही. वरून आडवी रेघ मारतात. कागद फायलीतच राहतो."

"रेघंखालचं वाचाय येतं?"

"येतं."

"मग लिवा. रेघंला वादीची हरकत न्हाई."

उद्या दहाला कागद न्यायला येतो म्हणून आप्पा उठले. टायपिंगचे पैसे मोजून दिले आणि पावती मागून घेतली.

१३ जून, शुक्रवार. सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडलं. केर काढला, मशीन चालू केलं. प्रिंट काढण्याआधी त्या शेवटच्या ओळीचा टाइप ठळक केला आणि चार नंबरांनी मोठा केला. क्लार्कचं पेन जाड टोकाचं आहे.