राऊतकाकांच्या दोन खुणा

"एक खून चुकली, की आतले सगळे मेले!"

एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या इमारतीखाली दर रविवारी ही आरोळी उठायची आणि नवे भाडेकरू गॅलरीत धावायचे. खाली राऊतकाका जुन्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले. काका जवळच्या वटार गावचे. त्यांच्या बोलीत 'ण'चा 'न' होतो, त्यामुळे खुणेचा खून व्हायचा.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचा दातेरी पट्टा, त्यांनी स्वतः बदलला होता. इंजिनाच्या वरच्या-खालच्या चाकांवर एकेक खूण असते. दोन्ही आपापल्या जागी हव्यात. पट्टा एक दात जरी सरकला तरी आतले भाग एकमेकांवर आपटतात. काकांच्या खुणा जुळलेल्याच असायच्या. तरी झाकण लावून जिन्यापर्यंत गेले, की त्यांच्या पायांत वळवळ सुटायची. मागे फिरायचे, झाकण काढायचे, पाना लावून इंजिन हातानं फिरवायचे आणि जो दिसेल त्याला बोलवायचे, "ये रे, बघ, तुला बरोबर दिसते काय?" मी बऱ्याचदा बघितलं. मला चाकांवर फक्त ग्रीस दिसायचं.

गाडी फाटकाबाहेर मात्र कधी गेली नाही.

अशाच एका रविवारी सुनंदाला, माझ्या बायकोला, कळा सुरू झाल्या. नेमका रिक्षांचा बंद. मी खाली धावलो. "काका, गाडी हवीय. दवाखान्यात न्यायचंय हिला!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, खुणांकडे पाहिलं आणि झाकण घट्ट केलं. "बसव तिला."

"परत बघायचं नाही?"

"आता तू नको घाबरवू मला!"

वाटभर त्यांचा कान इंजिनाकडे. प्रत्येक खड्ड्याला विचारायचे, "पोरी, बरी हायेस ना?"

सुनंदा दात आवळून म्हणाली, "मी बरी आहे. गाडी बरी आहे का?"

"पळते गो, पळते!"

मुलगी झाली. तोवर काकांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की नर्स वैतागली. "तुम्ही सुनंदाचे वडील का?"

"हो," काका म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले.

सुनंदा घरी आल्यावरच्या रविवारी पाहतो तर बॉनेट पुन्हा उघडं!

"काका, एवढी छान पळाली गाडी. आता तरी बंद करा की."

हातातला पाना उगाच पुसत ते हळूच म्हणाले, "पळते, ते ठाऊक हाय रे. पन उघडी असली की मानसं थांबतात, बोलतात. बंद केली, की वर जावं लागते. वर कोन हाय?"

मी म्हटलं, "आमच्याकडे चला. पोरगी जागी आहे."

"हात धुवून येतो."

आले ते इस्त्रीचा सदरा घालून, केस नीट विंचरून.