टाकीच्या पाण्याची चव

डोळ्यांवर पट्टी बांधा आणि चहाचा एक घोट द्या. पाणी टाकीत साठवलेल्या पावसाचं की नळाचं, हे डेस लिंडनर छातीठोकपणे सांगणार! ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडजवळच्या वॅटलब्रुकमध्ये पाहुण्याला नळाच्या पाण्याचा चहा देणं म्हणजे त्याला वाटेला लावणं. त्यात डेस पाणीपुरवठा कंपनीतलाच माणूस. कोरड्या उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरावं म्हणून छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायला लोकांना पटवायचं, याचाच त्याला पगार.

त्यानं इतकं पटवलं की गल्लीत टाकीवाचून एक घर उरलं नाही. नळाचं पाणी खपेना. पण खप घटला म्हणून जमिनीखालचे पाइप काही घटत नाहीत, पंपवाल्यांचे पगारही थांबत नाहीत. कंपनीनं दर वाढवला. लोक चिडले आणि त्यांनी दुसरी टाकी बसवली!

शेवटी कंपनीतल्या साहेबीणबाईंनी डेसला बोलावून सुनावलं, की नाताळनंतरही खप असाच राहिला तर पहिली खुर्ची त्याचीच जाईल. डेस तोंड पाडून घरी आला. त्याच्या बायकोनं, नोरीननं, त्याला धीर दिला आणि स्वतः मात्र शेजारच्या म्हाताऱ्या कार्मेलाबाईंपाशी जाऊन रडून घेतलं.

जानेवारीत नवल घडलं. डेसच्या भागातला खप एकदम चढला आणि खुर्ची वाचली. हे सगळं आपल्याच गोड जिभेनं झालं, अशी डेसची खात्री! बायकोला घेऊन तो ऐटीत कार्मेलाबाईंकडे चहाला गेला. घोट घेऊन त्यानं डोळे मिटले.

"वा! पावसाचं पाणी ते पावसाचं. नळाला ही चव सात जन्मांत येणार नाही."

नोरीननं टेबलाखालून त्याला पाय मारला. नोव्हेंबरपासून पावसाचा थेंब पडला नव्हता. पण डेस कप हातात घेऊन टाकीचं कौतुक करायला परसात गेला, आणि तिथंच थबकला. बागेची नळी टाकीच्या झाकणातून आत गेली होती आणि मीटर गरागरा फिरत होता. कुंपणापलीकडेही तेच, त्याच्या पलीकडेही तेच.

"असा बघू नकोस, पोरा," मागून आलेल्या कार्मेलाबाई म्हणाल्या. "टाकीशिवाय आम्हाला चहा गोड लागत नाही आणि तुझ्याशिवाय गल्ली. मग टाक्याच भरल्या नळानं."

डेसला भरून आलं. मग त्यानं कपातला शेवटचा घोट घेतला.

"तरी पण कार्मेलाबाई," तो हळूच म्हणाला, "चव मात्र टाकीचीच आहे."