फ्लेक्सवरचं धोतर

वकिलीला दहा वर्षं झाली की नोटरी होणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मी विश्रांतवाडीत भेटेल त्याला सांगत होतो. अर्ज करायचा, दोन प्रतिष्ठित रहिवाशांच्या सह्या आणायच्या, मुलाखत द्यायची, की शिक्का आपला! आयटीवाल्यांनी फ्लॅट घ्यायचा सपाटाच लावलेला. शिक्के मारून मनगट दुखेल, एवढीच काय ती चिंता.

ऑफिस लोणी काळभोरला थाटायचं होतं. म्हणून पहिली सही तिथल्या प्रतिष्ठिताची, म्हणजे माझे सासरे सर्जेरावमामा यांची घेतली. इथेच माती खाल्ली. आपण सही केली म्हणजे जावई नोटरी झाला, असा त्यांनी समज करून घेतला.

मुलाखतीच्या सकाळी बायको म्हणाली, "अहो, दादाचा फोन होता. गावात तुमचा फ्लेक्स लागलाय."

"कसला?"

"नोटरीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

मुलाखत घेणारे साहेब सोलापूरहून गाडीने येणार होते, म्हणजे लोणीवरूनच. नेमणुकीआधीच नोटरी म्हणून मिरवणारा उमेदवार त्यांच्या नजरेस पडला, की संपलंच. मला पुन्हा कोण दारात उभं करणार?

स्कूटर पिटाळत लोणी गाठली. हायवेला लागून मी बांबूंवर उभा, वकिलीच्या काळ्या कोटात, गॉगलसकट! वर माझं नाव, खाली मजकूर, त्याखाली हात जोडलेले शुभेच्छुक.

"मामा, हे आधी उतरवा."

"का वं? अजून पावण्यारावळ्यांनी बघितला पन नाय."

"मी अजून नोटरी झालेलो नाही!"

"मग मी सही कशाला केली?"

तेवढ्यात शुभेच्छुक जमले. त्यातले बद्रीनाथ भडकलेच. "माझा फोटू हाय त्यावर. इलेक्शन तोंडावर आलंय. हात तर लावून बघा."

"मग निदान माझं तोंड तरी झाका," मी काकुळतीला आलो.

"जावयाच्या तोंडावर फडकं टाकू?" मामा कडाडले. "असलं अभद्र बोलू नका."

शेवटी नुसता मजकूर झाकायचं ठरलं. मामांनी घरून आपलं पांढरंशुभ्र धोतर आणलं. ते बांधायला घेतलेलं पाहून मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुण्याकडे सुटलो. एकदा लांब उभं राहून ते कसं दिसतंय, हे बघायला हवं होतं.

मुलाखतीला आत गेलो. साहेबांनी मान वर केली आणि खुर्ची मागे सरकवली.

"आपण दत्तप्रसाद? लोणीचे?"

"हो सर."

"मघाशी तिथे चहाला थांबलो होतो. आपला मोठा फोटो, पांढरं कापड, हात जोडलेली माणसं. वकील दिसले, म्हणून मी हार आणून घातला. दोन मिनिटं उभाही राहिलो."

खोटं बोलावं तर मी मेलेला, खरं बोलावं तर अर्ज मेलेला. शेवटी सगळं खरं सांगून टाकलं. साहेब हसले नाहीत.

"तुम्ही म्हणता, म्हणून जिवंत कसं धरू? हयात असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. कचेरी बंद व्हायच्या आत. नोटरीसमोर केलेलं."

नोटरी व्हायला निघालेला मी नोटरीच्या रांगेत उभा राहिलो. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "ओळख पटवणारा कोणी आहे का?"

फोन करून मामांना बोलावून घेतलं. ते जीप उडवत आले आणि मी जिवंत असल्याबद्दल झोकात सही केली. मग पेन खिशाला लावत म्हणाले,

"झाला न्हवं आता नोटरी? धोतर काढायला सांगू?"