दत्ताभाऊंचा आडवा व्यायाम

रत्नागिरीच्या मासळीबाजारात सुरमईचा भाव करता करता दत्ताभाऊ सुर्वे शेजारच्या माणसाच्या पोटाला बोट लावत आणि शांतपणे म्हणत, "हे आत घे. कंबर पोटावर उभी असते." ओळख असण्याची अट नव्हती. त्यांचं ऐकून एक मासेवाली पाटी उचलताना श्वास सोडू लागली होती. भाऊंना त्याचा फार अभिमान.

भाऊ माझे शेजारी. उमेदीची वर्षं मालवाहू बोटींवर गेली. तिथेच शिडीवरून पडून पाठ धरली, तेव्हा एका फिलिपिनो खानसाम्याने त्यांना पिलाटिस नावाचा व्यायाम शिकवला. निवृत्त होऊन आल्यावर भाऊंनी ओटीवर चटया टाकल्या आणि आळीला शिकवायला घेतलं. पाठ जमिनीला टेकायची, पोटाचे आतले स्नायू आवळायचे, श्वास सोडत एकेक पाय सावकाश उचलायचा. उड्या नाहीत, गुडघ्यांना धक्का नाही. आळीने त्याला 'आडवा व्यायाम' असं नाव ठेवलं, कारण निम्मे लोक तिथेच झोपी जात. माझी खुर्चीत बसून आखडलेली कंबर मात्र त्यानेच मोकळी झाली.

या व्यायामाची जन्मकथाही भाऊ पुन्हा पुन्हा सांगत. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी एका जर्मन माणसाला छावणीत डांबलं होतं. तिथल्या अंथरुणाला खिळलेल्यांना पडल्या पडल्या हातपाय हलवता यावेत म्हणून त्याने म्हणे खाटांना स्प्रिंगा बांधल्या. आम्ही जांभया देत ऐकत असू.

मग भाऊंच्या बायकोला, सुमनकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. भाऊंनी वर्ग बंद केला आणि डॉक्टरीणबाईंना विचारून एका गॅरेजवाल्याकडून काकूंच्या खाटेला स्प्रिंगा बसवून घेतल्या. रोज सकाळी आमच्या खिडकीत त्यांचा आवाज येई, "श्वास सोड गो. सावकाश." काकू चिडत, कधी रडत. एका सकाळी त्यांनी डावा गुडघा स्वतः उचलला, जेमतेम उशीच्या उंचीइतका. भाऊंनी आळीभर पेढे वाटले. काकू चालायला लागल्या असं समजून लोक भेटायला आले.

गणपतीच्या आधी दुसऱ्या झटक्यात त्या गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर मी गेलो, तेव्हा भाऊ खाटेच्या स्प्रिंगा सोडवत बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आणखी थोडा वेळ मिळाला असता तर काकू चालल्या असत्या.

"चालणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं," ते म्हणाले. मग हातातला पाना खाली ठेवला. "आयुष्य बोटीवर गेलं. घरी यायचो तो पाहुण्यासारखा. कायमचा आलो, तेव्हा दोघांनाही एकमेकांची सवय नव्हती. नुसता हात धरून बसलो असतो तर तिला अवघडल्यासारखं झालं असतं. व्यायाम म्हटल्यावर हात धरू द्यायची."

चहा टाकतो म्हणून भाऊ आत गेले. बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही.