नव्वद डॉलरची सही

त्या शनिवारी माझ्या नवऱ्याला बारा हजार डॉलर मिळणार होते. नवऱ्याचे पैसे म्हणजे कोणाचे, हे लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको. त्यातले आठ हजार नव्या भट्टीचे. घर गरम करणारी आमची तळघरातली भट्टी ऑक्टोबरातच खोकायला लागली होती. तपासायला आलेल्या माणसाने, डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात ना, तसं मला बाजूला घेतलं. "ही काही नाताळ बघत नाही," म्हणाला. ओहायोतला हिवाळा आणि भट्टी नाही, म्हणजे कानटोपी घालून दात घासायचे! उरलेल्या चार हजारांचं काय करायचं हे मी मुळीच ठरवलं नव्हतं. फक्त गालिच्याचा रंग पसंत करून ठेवला होता.

आणि हे सगळं निघणार होतं पत्त्याएवढ्या एका पुठ्ठ्यातून!

मर्ल, म्हणजे माझा नवरा, आठ वर्षांचा असताना च्युइंगगमच्या पाकिटात त्याला बेसबॉलचं एक कार्ड मिळालं. त्यावर नाव होतं व्हर्जिल स्ट्राउड. हा आमच्या गावचा देव. चारशे सत्त्याऐंशी होमरन, म्हणजे तितक्या वेळा चेंडू मैदानाबाहेर! गावातल्या निम्म्या कुत्र्यांचं नाव व्हर्जिल आहे. मर्लकडचं कार्ड स्ट्राउडच्या खेळातल्या अगदी पहिल्या वर्षाचं, पण छापणाऱ्यांनी त्यात गोंधळ घातला होता. नाव स्ट्राउडचं आणि फोटो संघातल्या राखीव कॅचरचा, म्हणजे बाकावर बसून राहणाऱ्या झेलकऱ्याचा, कुणा डेलबर्ट क्विग्लीचा! चूक कळताच फोटो बदलला, त्यामुळे चुकलेली कार्डं बाहेर गेली ती मोजकीच. आता बरोबर कार्डाला दोनशे मिळतात आणि चुकलेल्याला चार हजार. मी एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिते. तिथे चुकलं तर पगारातून कापतात!

कार्डांचा दुकानदार गस मला म्हणाला होता, "वाँडा, याच्यावर खुद्द स्ट्राउडची सही आण. उभ्या उभ्या बारा हजारांचा चेक फाडतो."

आणि स्ट्राउड येणारच होता. अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये कार्डांची जत्रा होती. सहीचे नव्वद डॉलर.

"नको गं," मर्ल म्हणाला. "मी त्याच्यावर साधा श्वास पडू दिला नाही कधी."

"तू श्वास रोखून धर. बोलायचं काम मी करते."

माझ्या बोलण्यावर माझा फार विश्वास आहे. वखारीतल्या बुडीत उधाऱ्या मी निव्वळ बोलून वसूल केल्यात!

हॉलमध्ये रांग एवढी, की शेपूट थेट आगीच्या बंबाखाली. पुढे टेबलाशी स्ट्राउड बसलेला. ऐंशीचा, पण मनगटं अजून कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. तो वर बघतच नव्हता. समोर चेंडू आला, सही. टोपी आली, सही. एकाने चुकून पार्किंगची पावती पुढे केली, तिच्यावरही सही! शेजारी पैशाची पेटी मांडीवर घेऊन एक वाळका म्हातारा पेपरमिंट चघळत बसला होता. स्ट्राउडची गाडी चालवायची, पेनांची टोपणं लावायची आणि पैसे घ्यायचे, ही त्याची कामं.

"पंच्याऐंशी करा ना," मी त्याला म्हटलं.

"नव्वद."

"ज्येष्ठांना सवलत?"

"बाई, इथे मीच सगळ्यांत ज्येष्ठ आहे. मला कुणी देत नाही."

नव्वद मोजले. मर्लने कार्ड प्लास्टिकमधून असं काढलं, जसं काही घरट्यातून पिल्लू उचलतोय. स्ट्राउडने मान न उचलता पेन टेकवायला घेतलं. आणखी एक श्वास, आणि भट्टी आमची होती!

तेवढ्यात मी म्हटलं, "स्ट्राउडसाहेब, जरा नीट बघून करा हं. हे काही साधंसुधं कार्ड नाही!"

स्ट्राउड थांबला. खिशातून चष्मा काढला, पुसला, नाकावर चढवला आणि नीट बघितलं.

"हे...!" त्याचा चेहरा बंबाच्या रंगाचा झाला. "हे अजून कुणाकडे शिल्लक आहे? बाई, माझी आई माहितेय तुम्हाला?"

"नाही बुवा."

"असलंच एक कार्ड आयुष्यभर पर्समध्ये घेऊन फिरली ती! डोळे अधू. चर्चमध्ये येईल त्याला दाखवायची, 'हा माझा व्हर्जिल!' आणि दाखवायची कोणाचं थोबाड? याचं!" आणि त्याने शेजारच्या पेटीवाल्याच्या खांद्यावर असा हात मारला की पेपरमिंट टेबलावर पडलं.

मी कार्डाकडे बघितलं. म्हाताऱ्याकडे बघितलं. साठ वर्षं वजा आणि डोक्यावर केस जमा केले, तर तेच कान!

"मी काय करू, व्हर्ज्या?" क्विग्ली म्हणाला. "फोटोवाल्याने तिथे उभं राहायला सांगितलं, मी राहिलो. आणि तुझ्या आईला मी आवडायचो. तुझ्यापेक्षा जास्त."

"तेच तर म्हणतोय, गाढवा! शेवटपर्यंत मला म्हणायची, तरुणपणी तू किती देखणा होतास!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत व्हर्जिल स्ट्राउडने कार्डावरच्या आपल्या नावावर आडवी काट मारली! जाड, काळी, न पुसणाऱ्या शाईची. वर लिहिलं, 'डेलबर्ट क्विग्ली'. मर्लच्या तोंडून टायर बसल्यासारखा आवाज आला.

"झालं बरोबर," स्ट्राउड म्हणाला. "कधीपासून करायचं होतं मला हे! घे डेल्या, तुझं थोबाड, तू सही कर."

"मी? माझी सही कुणाला हवीये?"

"कर रे!"

क्विग्लीने जीभ बाहेर काढून, पहिलीतलं पोर पाटीवर गिरवतं तशी सही केली. खाली 'राखीव कॅचर' असंही लिहिलं, कुणाचा गैरसमज नको म्हणून.

"नव्वद परत करा!" मी ओरडले.

"सही झाली की परत मिळत नाहीत," क्विग्लीने टेबलावर लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं.

"पण यांनी कुठे केली सही?"

"मी केली ना."

मर्लला दंडाला धरून मी तडक हॉलमधल्याच गसच्या टेबलाशी गेले. गसने कार्ड भिंगाखाली धरलं आणि डोळे मिटून घेतले.

"कुणी केलं हे?"

"स्ट्राउडने."

"वाँडा, तुला चार हजारांचं कार्ड जड झालं होतं का? याचे चाळीस देईन. तेही ओळखीखातर." मग भिंग खाली सरकलं. गस एकदम खुर्चीत ताठ झाला. "थांब. ही खालची सही... खरी आहे?"

"माझ्यासमोर केली. का?"

गसने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी लागला. "त्या वर्षी आपण अजिंक्य ठरलो ना, त्या अख्ख्या संघाच्या सह्या जमवणारे लोक आहेत. सगळ्यांच्या मिळतात, क्विग्लीची कुणाकडेच नाही! त्या बिचाऱ्याकडे कुणी कधी मागितलीच नाही. आम्हाला वाटलं, गेला. पिट्सबर्गचा एक दंतवैद्य या एका सहीसाठी नऊ हजार घेऊन बसलाय. त्याला फोन लावतो. तोपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस."

नऊ हजार! भट्टी, वर एक हजार! गालिचा नाही तर नाही, पायपुसणी तरी!

आता मला सांगा, अशा वेळी माणसाच्या तोंडून काहीतरी निघणारच ना? मी फक्त एवढंच म्हटलं, "नऊ हजार! त्या पेटीवाल्या म्हाताऱ्याच्या सहीचे?"

वखारीत करवत चालू असताना गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझा आवाज जरा मोकळा झालाय. तो बंबापर्यंत पोचला.

आणि रांग वळली! अख्खी रांग! बोट कलल्यावर सगळं सामान एका कडेला जातं, तशी स्ट्राउडपुढून क्विग्लीपुढे. लोकांनी चेंडू पुढे केले, टोप्या केल्या, कागदी रुमाल केले. अग्निशामक दलाच्या कॅप्टनने स्वतःच्या पायाचं प्लास्टर पुढे केलं!

"मोफत नाही हं," क्विग्लीने पेटी उघडली आणि पाटी उलटवून मागे नवा दर लिहिला. "प्रत्येकी पाच डॉलर."

"पन्नास माग, मूर्खा!" स्ट्राउड खेकसला.

"पन्नास? अरे, मी राखीव होतो."

गस फोनवर होता. त्याने मान उचलून ती गर्दी बघितली. "नाही, डॉक्टर... हो, सही खरी आहे... आता ती एकुलती एक राहिली नाहीये." फोन ठेवला आणि पेनाला टोपण लावून चेकबुक हळूच मिटलं.

"आता सहीचे किती?" मी विचारलं.

"तो काय घेतोय?"

"पाच."

"मग पाच."

मर्लने कार्ड उजेडात धरलं. नवरा बोलत नाही तेव्हा त्याचा हिशेब चालू असतो, आणि त्यात माझी बाजू कधी जमेची नसते. मग तो हळूच म्हणाला, "वाँडा, खरं सांगू? आठ वर्षांचा असल्यापासून मला वाटायचं, व्हर्जिल स्ट्राउड असाच दिसतो. मला हेच कान आवडायचे." आणि कार्ड परत प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. चाळिसालाही दिलं नाही!

तर जमाखर्च असा. भट्टी कर्जाने आली. हप्ता माझ्या पगारातून जातो. गालिचा आला नाही. क्विग्लीची पेटी संध्याकाळी बंद होईना. त्याच्या रांगेत शेवटी खुद्द व्हर्जिल स्ट्राउड उभा राहिला, आईचं ते पर्समधलं जुनं कार्ड पाकिटातून काढून. "मित्राकडून पैसे घेणार?" त्याने विचारलं. "पाटी वाच, व्हर्ज्या," क्विग्ली म्हणाला, आणि त्या देवानेही मुकाट्याने पाच डॉलर मोजले.

म्हणजे त्या दिवशी डेलबर्ट क्विग्लीच्या सहीला गावाने, कॅप्टनने आणि स्ट्राउडने, सगळ्यांनी पाच-पाच डॉलर दिले. नव्वद देणारी एकटी मीच!