परबकाकांची तहानलेली रांग

आमचे शेजारी परबकाका घरी आलेल्याला पाणी विचारत नाहीत. आधी त्याच्या कपाळावर बंदूक रोखतात. ताप मोजायची बंदूक. "चौतीस पॉइंट दोन. तुका पाणी नको," असा निकाल लागतो आणि माणूस कोरडाच परततो.

बंदूक मुळात हरभऱ्यासाठी. विक्रोळीच्या कारखान्यात जन्मभर मीटर दुरुस्त केलेल्या या माणसाने निवृत्तीनंतर बिल्डिंगच्या गच्चीत हरभरा लावला. दोन रांगा कुंड्या. एकीला रोज पाणी, दुसरी मुद्दाम तहानलेली. "पान हवेपेक्षा तापला म्हणजे झाड तहानला," हा त्यांचा मंत्र. लेक शुभा सोलापूरकडे कोरडवाहू हरभऱ्यावर संशोधन करते. तिलाही त्यांनी अशीच बंदूक जुळवून दिली आहे. रोज दुपारी अडीचला गच्चीतून तिला फोन: माझे आकडे हे, तुझे काय?

आणि मी मूर्खासारखं त्या दुसऱ्या रांगेला पाणी घातलं. माना टाकलेली रोपं बघवेनात हो! बादलीभर ओतलं आणि वर पुण्य केल्यासारखी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता काका माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. "सुमन, वाट लागली! दोनव रांगांचो आकडो सारखोच. गन बिघडली गो! शुभाक काय सांगू आता?"

शुभाकडेही यांचीच बंदूक. तिला वाटलं तिची बंदूकही चुकतेय, तर पोरीचा अख्खा हंगाम पाण्यात. सांगावं तर शिव्या, न सांगावं तर पाप. काकांनी बंदुकीचे स्क्रू काढायला घेतले, तेव्हा मला राहवेना.

"काका, पाणी मी घातलं."

काका मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे गन ठीक हा?" डोळे भरून आले त्यांचे.

"ठीक आहे. शुभाचा हंगामही वाचला."

"शुभाक काय होतला? तिच्याकडे दिवाळीपासून मोठा मशीन हा. माझे आकडे ती लिवन पण घेणा नाय."

"मग एवढे घाबरलात कशाला?"

काका खाली मान घालून स्क्रू पिळत राहिले. "गन नसली तर फोन करून काय बोलू? 'जेवलंस?' विचारलंय की ती 'हो' म्हणता. फुडे माका काय सुचणा नाय."

अडीच वाजत आले होते.

"आज माझ्या बावळटपणाची तक्रार करा तिच्याकडे," मी म्हटलं. "दहा मिनिटं सहज जातील."