मावशीचं हिरवं कापड

"कापडाचं काय झालं?" मोठ्या साहेबांनी विचारलं आणि वारसदारांचा चहा बशीत सांडला.

वारसदार हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. शहराच्या उपनगरी रेल्वेत एक वारसा विभाग होता. एक खोली, दोन कपाटं, जुन्या गाड्यांची छायाचित्रं, भिंतीला टेकवून ठेवलेली एक गंजकी सिग्नलची दांडी आणि या सगळ्याची निगा राखणारा एकच अधिकारी. त्यामुळे सगळी कचेरी त्यांना वारसदार म्हणायची. त्यांनाही आता त्याची इतकी सवय झाली होती की फोन उचलून तेच "हां, वारसदार बोलतोय" म्हणायचे.

"येईल, साहेब. प्रयत्न चालू आहेत."

"तुमचे प्रयत्न आपल्या गाड्यांसारखे आहेत. चालू असतात, पण येत नाहीत," साहेब म्हणाले. हेच वाक्य दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर साहेबांनी त्याला मेमो दिला असता. "पुढच्या महिन्यात आपल्या रेल्वेची शताब्दी आहे. मंत्रीणबाई येणार आहेत. मावशी धावली तर ठीक. नाही धावली तर तुमच्या विभागाला कुलूप, आणि तुम्ही हरवलेल्या सामानाच्या खात्यात. तिथे छत्र्या मोजायला माणूस हवाच आहे."

मावशी म्हणजे गाडी. या रेल्वेच्या आजवर चार पिढ्या झाल्या आणि प्रवाशांनी चौघींनाही नावं ठेवली. पहिली वाफेवरची, लाकडी डब्यांची. ती चढावर खोकायची, म्हणून खोकली. तिच्यानंतर वीज आली आणि गोल नाकाची, मऊ गाद्यांची गाडी आली. ती कोणाला 'जागा नाही' म्हणून सोडून जायची नाही, म्हणून तिचं नाव मावशी पडलं. पुढे पोलादी डब्यांचं टिनपाट आलं, आणि हल्ली धावतं ते कपाट: दारं बंद, हवा थंड, बसायला कडक निळं प्लास्टिक. खोकली कधीच भंगारात गेली होती. मावशीचा मात्र एक डबा यार्डाच्या कोपऱ्यात सापडला. त्यात रंगाऱ्यांनी रंगाचे डबे ठेवले होते म्हणून तो वाचला. वारसदारांनी तो घासूनपुसून घेतला, मोटर दुरुस्त करून घेतली, दिवे लावून घेतले. अडलं ते गाद्यांच्या कापडाशी. बाकांवर नुसत्या स्प्रिंगा उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्यावर बसून शताब्दी साजरी करणं मंत्रीणबाईंना जमलं नसतं.

जुनी छायाचित्रं काळीपांढरी. कापड विणणारी गिरणी बंद पडलेली. रंग कोणता होता यावर कचेरीत चार जणांची पाच मतं होती. अखेर एका बाकाच्या स्क्रूखाली अडकलेली अंगठ्याएवढी चिंधी मिळाली: बाटलीसारखा गर्द हिरवा रंग आणि त्यावर हळदी पिवळी पानं. ती चिंधी पाकिटात घालून वारसदार बाजारभर हिंडले. दुकानदार ती बोटांत धरून बघत आणि विचारत, "याच्यात बंडी शिवायची आहे का उंदराला?"

त्या रविवारी ते बायकोबरोबर सासुरवाडीला जेवायला गेले. लग्न झाल्यापासूनचा तो रिवाजच होता. सासरे रेल्वेच्या कारखान्यात गाद्या भरायच्या कामावर होते, तिथूनच निवृत्त झाले होते. सासूबाई शिवणकामात तरबेज. जेवण झालं, वारसदारांनी हात धुतले आणि नेहमीप्रमाणे खुंटीवरचा रुमाल घेतला. तो रुमाल नेहमीप्रमाणेच पाणी टिपेना, नुसतं इकडचं तिकडे करीत राहिला. वैतागून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

गर्द हिरवा. हळदी पानं.

त्यांनी मान वर केली. खिडकीला तेच पडदे. सोफ्याला तीच कव्हरं. किटलीवर तीच टोपी. दाराशी तेच पायपुसणं. आणि आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांच्या अंगात त्याच कापडाचा पायजमा.

"काखेत कळसा..." ते पुटपुटले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"हे... हे इथे कधीपासून आहे?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

"मग मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही माझ्या माहेरी कधी ताटाबाहेर बघितलंय का?"

हे खोटं नव्हतं, म्हणून वारसदारांनी वाद घातला नाही. मागायचं कसं, हा खरा प्रश्न होता. बायको हळूच म्हणाली, "जपून हं. आईबाबांचा या कापडावर फार जीव आहे. मी एकदा पडदे बदलू म्हटलं, तर दोघंही एकमेकांकडे बघून गप्प झाले. दिवसभर कोणी बोललं नाही." तेव्हा आधी नमुना जुळतो का ते बघावं असं ठरवून वारसदारांनी रुमाल खिशात सारला. निम्मा गेला. निम्मा कडक होता, तो बाहेरच राहिला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "हात पुसून झाले असले तर रुमाल खुंटीला लावा."

मग सगळं सांगणं भागच होतं. मावशी, मंत्रीणबाई, छत्र्या, सगळं त्यांनी सांगून टाकलं. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला.

"मावशी भंगारात निघाली ना, तेव्हा हे तागे जाळायला काढले होते," ते म्हणाले. "मी म्हटलं, साहेब, जाळता कशाला? साहेब म्हणाले, घेऊन जा, तेवढीच जागा मोकळी होईल. डोक्यावरून आणले. एकेक करून सगळे."

"सगळे," सासूबाई म्हणाल्या, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

दुखावल्या. वारसदार त्यांच्यामागे जायला उठले. तेवढ्यात सासऱ्यांनी त्यांना जवळ ओढलं आणि कुजबुजले, "माझ्याकडून खुशाल न्या. खरं सांगू? मावशी होती तोवर कारखान्यात हाच रंग बघितला, ती गेल्यावर घरीही हाच. स्वप्नं पडतात ती पण हिरवी. पण हिने इतक्या हौसेने शिवलंय. मी हो म्हटल्याचं हिला कळू देऊ नका."

वारसदार स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंनी आधी दार लोटलं. "न्या सगळं," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "अहो, लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, घरात पांढरे पडदे लावीन. मग हे तागे आले. संसार घरात केला का डब्यात तेच कळेनासं झालंय मला. पण ह्यांनी डोक्यावरून वाहून आणलंय हो. जीव आहे ह्यांचा. मी हो म्हटलं असं ह्यांना सांगू नका."

दोघंही द्यायला तयार, आणि दोघांनाही ते कबूल करायचं नाही. वारसदारांनी नोकरीत पुष्कळ फायली हलवल्या होत्या. अशी कधी हाती आली नव्हती. बायकोशी सल्लामसलत करून त्यांनी मधला मार्ग काढला. बैठकीच्या खोलीत उभं राहून ते मोठ्याने म्हणाले, "मी आपल्याला विनंती करतो की रेल्वेच्या इतिहासासाठी हा त्याग करावा."

"रेल्वेसाठी म्हणता..." सासऱ्यांनी उसासा सोडला.

"तुम्ही म्हणाल तसं," सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

पडदे उतरताना दोघं हातात हात घालून उभे होते. इतक्या दुःखाने एवढ्या झटपट पडदे काढलेले वारसदारांनी कुठे पाहिले नव्हते. सासूबाईंनी तर सोफ्याची कव्हरं उसवायला स्वतः कात्री आणून दिली.

तरी कापड कमीच पडलं. सासूबाईंनी हौसेने नातेवाइकांनाही वाटलं होतं. (हौस कसली, खपवलं होतं, हे आता उघड झालं.) आत्याबाईंकडून दोन पिशव्या आल्या. मेहुण्याच्या स्कूटरची सीट सोलून निघाली. शेजारच्या कुत्र्याचा थंडीतला कोट मिळाला, पण तो मिळवताना कुत्र्याने वारसदारांच्या पँटचं कापड मोबदला म्हणून घेतलं. रेल्वेचं कापड ते. वापरणारे झिजले, ते झिजलं नव्हतं. कारखान्यातल्या मंडळींनी सगळं धुऊन, ताणून बाकांवर चढवलं. सांधे असे बेमालूम बसवले की नव्या माणसाला कळू नये.

आणि शेवटचा एक बाक उघडाच राहिला.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी बायको कचेरीत आली. हातात कागदाचं पुडकं होतं. "बाबांनी पाठवलाय. धुऊन, इस्त्री करून. म्हणाले, आता मागे कशाला ठेवू?"

तो पायजमा होता. टेबलावर ठेवला तर तो आपल्या पायांवर उभा राहिला. एकीकडे छत्र्या होत्या, एकीकडे हा. संध्याकाळपर्यंत शेवटचा बाक झाकला गेला.

सोहळ्याला मावशी फुलांनी सजून फलाटावर उभी राहिली. जुनी माणसं तिला हात लावून बघत होती. वारसदारांनी सासूसासऱ्यांना खिडकीजवळ बसवलं, मंत्रीणबाईंना त्यांच्या समोर. मोठे साहेब मंत्रीणबाईंच्या शेजारच्या बाकावर बसले. तो बाक कोणता, हे वारसदारांच्या लक्षात आलं तेव्हा गाडी सुटली होती.

"अगदी तेच कापड!" मंत्रीणबाई गादीवरून हात फिरवीत म्हणाल्या. "मी लहानपणी याच्यावर बसून शाळेत जायची. कुठे मिळालं?"

मोठ्या साहेबांनी घसा साफ केला. "आमच्या वारसा विभागाने देशविदेशांत संशोधन करून..."

"तुम्ही बसलात ना, तो आमच्या झोपायच्या खोलीचा पडदा," सासूबाई मंत्रीणबाईंना म्हणाल्या. "हा सोफा. ती पलीकडची स्कूटर."

मंत्रीणबाईंना हसू आवरेना. "आणि साहेब बसलेत तो?"

वारसदारांनी सासूबाईंना डोळ्यांनी खुणावलं, पण त्या काही बोलायच्या आतच सासरे अभिमानाने म्हणाले, "तो माझा पायजमा."

साहेब अर्धवट उठले. उठावं तर मंत्रीणबाई बघतायत, बसावं तर पायजमा. ते तसेच अधांतरी राहिले.

"बसा हो, बसा," सासरे म्हणाले. "धुतलेला आहे."

मंत्रीणबाई अशा काही हसल्या की सगळा डबा त्यांच्याबरोबर हसू लागला, आणि शेवटी साहेबही, चोरट्यासारखे, हसले आणि बसले. मंत्रीणबाई डोळे पुसून सासूबाईंना म्हणाल्या, "पण एवढ्या वर्षांची घरातली वस्तू द्यायची म्हणजे जड गेलं असेल ना?"

इतक्या प्रेमाने विचारल्यावर सासूबाईंना खोटं बोलवेना. "जड कसलं! सुटले मी," त्या म्हणाल्या आणि चटकन तोंडावर हात ठेवला.

सासऱ्यांनी मान वळवली. "काय म्हणालीस?"

"अहो, तसं नव्हे..."

"तुला आवडत नव्हतं?"

"तुम्हाला आवडायचं म्हणून शिवत होते मी!"

"मला? अगं, तुला आवडतं म्हणून मी तागे आणत राहिलो!"

मग सासूबाई आधी हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, सासरे त्यांच्या पाठीवर थोपटू लागले, आणि दोघांच्याही डोळ्यांत खरंच पाणी आलं. मंत्रीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या साहेबांचा फोटो आला. खाली मथळा: 'रेल्वेप्रमुख पायजम्यावर'. वारसदार दिवसभर साहेबांच्या बोलावण्याची वाट बघत बसले. बोलावणं आलं ते संध्याकाळी. साहेबांसमोर अर्जांचा ढीग होता. मावशीतून एकदा बसून जायला मिळावं म्हणून शहरभरातून मागणी येत होती, आणि निम्म्या लोकांना तोच बाक हवा होता. "दर रविवारी फेरी ठेवा," साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "हाताखाली एक माणूस देतो. आणि त्या बाकावर पाटीबिटी लावू नका. लोक आपोआप ओळखतात."

महिना उलटून गेला तरी सासुरवाडीच्या खिडक्या उघड्याच होत्या. नव्या पडद्यांचा रंग ठरत नव्हता. सासूबाईंना पांढरे हवे होते, सासऱ्यांना पांढऱ्यावरचा मळ आधीच दिसत होता. त्यांनी निळा सुचवला, त्यावर सासूबाई म्हणाल्या, तो त्या कपाट गाडीतल्या बाकांसारखा दिसेल. दोघं रोज सकाळी उठून गाडीने बाजारात जात, दुकानदारांना तागे उलगडायला लावत, भांडत, एकमेकांची आवड नव्याने विचारत, कुठेतरी चहा पीत आणि रिकाम्या हातांनी घरी येत.

"आज ठरलं का, आई?" वारसदारांनी रविवारी जेवताना विचारलं.

"छे!" सासूबाई म्हणाल्या. "ह्यांचं एकही मत माझ्याशी जुळत नाही." आणि इतक्या समाधानाने त्यांनी जावयाला वाढलं की वारसदारांनी पुन्हा तो विषय काढला नाही.